मोहाचा पाक आणि नवरंग

चमचा जिभेला लावला आणि मी कढईखालचा गॅस बंद केला. मोहाच्या पाकाला धुराचा वास येत होता.

वनपाल म्हणून रिटायर झाल्यावर मी मुकुटबनकडच्या एका गावातलं मोहाचं युनिट सांभाळतो. मोहाची फुलं धुवायची, उकळायची, गाळायची आणि मधासारखा पाक होईपर्यंत आटवायची. गावाशी एकच बोली: झाडाखालचा पाला जाळायचा नाही, झुडपं तोडायची नाहीत. तिथं पाखरं राहतात.

खरं सांगतो, ही अट माझ्या स्वार्थाची. मे सरता सरता आमच्या रानात नवरंग पक्षी यायचा. पाल्यातले किडे खायचा, पहाटे दोन सुरांची शीळ घालायचा. मी राउंडवरून क्वार्टरला परतलो की बायको चुलीपासूनच विचारायची, "आला का हो?" पुढं ती गेली. रानात आगी लागत राहिल्या आणि नवरंगही येईनासा झाला. मला निदान तो तरी परत हवा होता.

ही फुलं सीताबाईची. गावात कुठला मोह कुठल्या घराचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं.

"सीताबाई, पाला जाळला ना?"

"मंग? पाल्यात फुलं दिसतीन कशी, भाऊ? माही सासूबी जाळे."

"फुलं झेलायला जाळ्या दिल्या होत्या ना?"

"त्या वांग्यावर टाकल्या. बकऱ्या लई तरास देऊन राह्यल्या."

नागपूरच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, दुसऱ्या बॅचमध्ये मिसळून टाका. कोणाला कळतं?"

"मला कळतं," म्हणून मी अख्खी बॅच रिजेक्ट केली. सीताबाईनं बोलणं टाकलं.

मे संपत आला तेव्हा एका पहाटे तीच दारात उभी. "उठा भाऊ. तुमचा पाहुना आला. पन माह्या मोहाखाली नाही, नाल्यापल्याड."

नाल्यापल्याड शेजाऱ्याच्या मोहाखाली पाला जळाला नव्हता. तिथून तीच दोन सुरांची शीळ आली. "आला गं," मी मोठ्यानं म्हणालो.

"कोनाले सांगून राह्यले?" सीताबाईनं विचारलं. मी बायकोचं सांगितलं.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. यंदा वांग्यावरच्या जाळ्या मोहाखाली आल्या. उभी नोकरी मी लोकांना नियम वाचून दाखवले. सीताबाईला पटलं ते पाहुणा शेजाऱ्याकडे उतरला तेव्हा.

आता मी सकाळी नाल्याकडून परतताना ती अंगणातून ओरडते, "आला का, भाऊ, आपल्याकडं?"

"अजून नाही," मी म्हणतो. पाला साचायला वेळ लागतो. पण विचारणारं कुणीतरी आहे, म्हणून परतताना पाय जरा भरभर पडतात.