टोचन लावलेली बटणं

आण्णांचा डावा हात परत चालेल की नाही, याशिवाय आमच्या श्रीरामपूरच्या घरात तेव्हा दुसरा विषयच नव्हता. आण्णा म्हणजे माझे वडील. उभा जन्म एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर. निवृत्त झाले आणि अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, डावा हात मात्र रुसून बसला. 'बारीक वस्तू चिमटीत धरायला लावा, नाहीतर हात असाच आखडेल,' असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

आण्णांना शर्टाची बटणं लावता येईनात. आई लावायला गेली की ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. शेवटी शर्ट घालणंच सोडलं. दिवसभर बंडीवर, घराबाहेर पाऊल नाही, कुणी भेटायला आलं की आतल्या खोलीत.

व्यायामाचं नाव काढलं की "उद्या करू." मी पडले तापट. मी ओरडायचे आणि ते आणखी हट्टाला पेटायचे.

मग मला चल्लस-आठ आठवला. पंचवीस घरांचा पट, फासे म्हणून अर्धे केलेले चार चिंचोके, गोल फिरत मधल्या घरात पोचायचं. वाटेत दुसऱ्याची सोंगटी मारायची; एक तरी मारल्याशिवाय आतल्या फेरीत प्रवेश नाही. लहानपणी आण्णांनीच शिकवलेला. मी पुठ्ठ्यावर पट आखला आणि धरायला सोपी म्हणून बाटल्यांची मोठाली झाकणं ठेवली.

"मी काय बालवाडीत हाय का?" म्हणत त्यांनी पट ढकलला. तोही उजव्या हातानं.

असं होय! मी रागारागात पुठ्ठा उलटा केला. पहिल्या घरात श्रीरामपूर लिहिलं, मधल्या घरात अकोले, बाकीच्यांत आठवतील ती गावं. त्यांच्या जुन्या खाकी शर्टाची बटणं कापून सोंगट्या केल्या. म्हटलं, "या तुमच्या गाड्या. सगळं डाव्या हातानं."

आण्णांनी चष्मा मागितला. "हे कुनी लिव्हलं? लोनीच्या आधी संगमनेर? गाडी काय उडत जाती व्हय? आन् बाभळेश्वर कुठंय?"

तासभर त्यांनी माझा मार्ग दुरुस्त केला. सोंगटी मारता येत नाही ती फुलीची घरं स्टँड झाली. खेळता खेळता माझं बटण त्यांचं बटण असलेल्या घरात पोचलं. मी ओरडले, "मारली!"

"बंद पडलेल्या गाडीला मारत्यात व्हय? टोचन लावून नेत्यात."

झाला नवा नियम. मारायचं नाही. दुसऱ्याचं बटण आपल्या बटणावर ठेवायचं आणि न पाडता पुढच्या स्टँडला पोचवायचं. अशी एक तरी गाडी पोचवली तरच आतली फेरी.

नियम झकास, पण हात कुठे ऐकत होता! बटणं निसटायची, खाटेखाली जायची, मी रांगत शोधायचे. माझं लक्ष नसलं की उजवा हात पुढे. "आण्णा, उजवा!" महिनाभर हेच. मनातून मी हात टेकले होते, फक्त बोलले नव्हते.

एका सकाळी त्यांनी माझं बटण लोणीला टोचन लावून ठेवलं होतं; तेही मीच वर चढवून दिलेलं. संगमनेर तीन घरं पुढे. डाव माझा, चिंचोके माझ्या मुठीत. तेवढ्यात सिलेंडरवाला आला. मी दारात जाऊन परत येते तर दोन्ही बटणं संगमनेरला!

"आण्णा! लेकीला फसवता? लाज नाही वाटत?"

"मी हाललो बी न्हाई."

"आणि तेही उजव्या हातानं!"

कोथिंबीर निवडणारी आई म्हणाली, "उगं आळ घेऊ नको. उजव्या हातात कप हाय त्यांच्या, कवाचा."

मी बघितलं. उजव्या हातात अर्धा चहा. पटावर बटणावर बटण, नीट. आईचाही हात थांबला. मी तिथंच फतकल मारली आणि ढसाढसा रडले. छातीवरचा धोंडा उतरला होता. आण्णा खिडकीबाहेर बघत बसले.

मग मी नाक पुसलं. "रडीचा डाव चालणार नाही. दोन्ही गाड्या लोणीला मागं घ्या. माझ्यासमोर."

"लई कडक तपासनीस हाय ही."

त्यांनी डावा हात पुढे केला. चिमूट दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. एकेक घर करत त्यांनी दोन्ही बटणं मागं आणली, वरचं पडलं नाही.

मान वर न करताच ते आईला म्हणाले, "माझा पांढरा शर्ट काढून ठेव. स्टँडवर जाऊन येतो."