खाणीच्या रस्त्यावरचं पाणी

उमरेडला आमचं घर आणि मी शिकवते ती शाळा खाणीपलीकडच्या गावात. मधला रस्ता कोळशाच्या ट्रकांचा. स्कार्फ, गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे असा सगळा जामानिमा करून मी स्कूटीवर निघायचे, तरी शाळेत तोंड धुतलं की पाणी काळंच यायचं.

रस्त्यावर धूळ बसवायला एक टँकर फिरायचा. त्याच्या ड्रायव्हरला मी रोज थांबून ऐकवायचे, "पाणी मारता की नुसतं टँकरला फिरवून आणता?" माझी जीभ तिखटच आहे. बिचारा मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चहाच्या टपरीपुढे माझी स्कूटी सर्रकन घसरली. पाण्यात कालवलेली कोळशाची भुकटी साबणासारखी निसरडी झाली होती. मागचा ट्रक करकचून ब्रेक दाबत थांबला तो माझ्यापासून हातभर अंतरावर. गुडघा फुटला, पण त्याहून जास्त मी हादरले होते.

संध्याकाळी नवऱ्याने नागपूरकडच्या बदलीचा अर्ज भरून समोर ठेवला. "नागपुरात नंदनवनला भावाकडे राहू. तो रस्ता सोड आता." फक्त माझी सही बाकी होती. आणि मला ती शाळा सोडायची नव्हती. चौथीची पोरं आत्ता कुठे न घाबरता मोठ्याने वाचायला लागली होती.

चार दिवसांनी लंगडत, एसटीने टपरीवर गेले ते भांडायलाच. टँकरवाला तिथेच चहा पीत होता.

"काहून एवढं पाणी ओतलं जी?" मी विचारलं.

"तुमच्यासाठीच तं ओतलं न, मॅडम," तो रडवेला झाला. "तुमची यायची वेळ पाहून दोन खेपा टाकल्या. तुम्ही रोजच बोलून राहिल्या होत्या."

मला लाज वाटली. टपरीवाल्या मावशीने मात्र त्याला धारेवर धरलं.

"काय गा, तुही बायको बादली उपडी करून अंगणात सडा टाकते काय? हलक्या हातानं शिंपते न? अन् तेही सकाळी सकाळी."

तेवढ्यावर ठरलं. नळ अर्धाच उघडायचा, आणि तोही दिवस उजाडताच, म्हणजे शाळेच्या वेळेपर्यंत रस्ता नुसता ओलसर राहील.

सोमवारी मी स्कूटी काढली. माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून नवरा मोटारसायकलने मागोमाग आला. त्याचं दुकान उमरेडमध्येच, या रस्त्याने तो कधी आलाच नव्हता. चाक कुठेही सरकलं नाही. पण टँकर मधल्या वळणापर्यंतच जायचा, पुढे धूळ होती तशीच होती. शाळेच्या फाटकाशी नवऱ्याने हेल्मेट काढलं. पांढरा शर्ट पार मळकट झाला होता.

"रोज असंच राहते?"

"आज कमी आहे."

त्याने हेल्मेट चढवलं आणि तो परत फिरला. मला वाटलं, आता घरी अर्जावर सही करावीच लागणार.

संध्याकाळी परतताना मावशीने मला हाक मारून थांबवलं. "तुहा नवरा सकाळी वापस जाताना टँकरवाल्यापाशी थांबला होता वं," ती म्हणाली. "म्हणे, वळणाच्या पुढं शाळेपर्यंत पाणी टाकत जा न भाऊ. तिले रोज यायचं आहे."