कोठ्यातल्या बाईची फिर्याद

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण त्या गुरांच्या कोठ्याचे दार उघडले तो क्षण मनातून जात नाही.

पूर्णा तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. सकाळच्या हजेरीच्या वेळी एक कासारीण आली. ताडकळसच्या बाजाराला जाता-येता ती खेड्यांत बांगड्या भरायची.

"साहेब, एका मळ्यात जनावराच्या कोठ्यात बाई कोंडलीय. फटीतून हात काढून 'बांगड्या भर' म्हणायली. मनगटाला साखळीचे वळ हायेत."

डायरीत नोंद करायला सांगून मी जमादार आणि दोन पंच घेऊन निघालो. ठाण्यात महिला शिपाई नव्हती, म्हणून कासारणीलाच सोबत घेतले.

कुलूप बाईच्या दिराने काढले. गावात मान असलेला, हळू बोलणारा माणूस. "येडी हाय साहेब, चावती. भाऊ आधीच वारला. पोरगी कुणासंगं पळाली, तवापासून हिचं डोकं फिरलं."

पंचांनी माना डोलावल्या. बाई किंचाळत होती.

माझे वडील वेड्यांच्या सरकारी इस्पितळात परिचर होते. आमची खोली आवारातच होती. बागेत काम करणाऱ्या एका रुग्णानेच मला सायकल शिकवली. कुणी बिथरले की वडील दोरी मागवत नसत. चार हात दूर जमिनीवर बसायचे, नजर न लावता तंबाखू मळत राहायचे.

मी टोपी काढली, कासारणीला जवळ ठेवून बाकीच्यांना बांधाकडे पाठवले आणि उंबऱ्यावर बसलो. बऱ्याच वेळाने किंचाळणे थांबले.

"तू पानी काढायला आलास का?"

"कुठलं पाणी, माय?"

"हिरीतलं. माझी लेक हाय तिथं. लय गार पडली आसल."

मी मळा फिरलो. इंजिनाचा पाइप होता, पाटही होता, पण विहीर नव्हती. पाट जिथून निघत होता तिथे मुरूम भरला होता आणि वर कडब्याची गंज रचली होती.

ठाण्यात दिराला विचारले, "पोरगी पळाली, तर खबर का नाही दिली?"

"इज्जतीचा सवाल व्हता."

"आणि विहीर?"

"आटली, म्हणून बुजवली."

"आटलेली विहीर आपल्याकडं खोल करतात. बुजवतं कोण?"

मी हात उचलला नाही. समोर चहा ठेवला आणि वडिलांसारखा, नजर न लावता, कागद चाळत राहिलो. चहावर साय धरली, तेव्हा तो म्हणाला, "मारायचं नव्हतं साहेब. ठरलेल्या लग्नाला न्हाई म्हणली. काठी डोक्यात बसली. तिच्या मायनं बगितलं."

पंचांसमोर त्याने जागा दाखवली. मुरूम उपसल्यावर सांगाडा मिळाला. सांगाड्याच्या हातातल्या बांगड्या कासारणीने ओळखल्या. त्या तिनेच भरल्या होत्या.

बाई खरोखरच आजारी असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले, त्यामुळे तिची साक्ष झाली नाही. दिराला शिक्षा झाली ती विहिरीतल्या पुराव्यावर. कोर्टाच्या आदेशाने तिला इस्पितळात ठेवले. निकाल सांगायला मी गेलो, तर तिने एवढेच विचारले, "पोरीला न्हाऊ घातलं का?"

मी हो म्हणालो.

माणूस वेडा आहे म्हणून त्याचे बोलणे खोटे ठरत नाही, हे मी या प्रकरणात शिकलो. पण शिकून चैन पडत नाही. लहानपणी इस्पितळात आमच्या खोलीसमोरच्या वॉर्डातली एक म्हातारी रोज गजाला धरून एकाच माणसाचे नाव घ्यायची, गाव सांगायची आणि ओरडायची, "त्याला धरा." ऐकून ऐकून मला ते पाठ झाले होते, पण वेडीचे बोलणे म्हणून कुणी चौकशी केली नाही, फौजदार झाल्यावर मीही नाही. निवृत्तीनंतर एकदा त्या गावच्या फाट्यावर उतरलो. बराच वेळ उभा राहिलो. काय विचारावे आणि कुणाला, तेच कळेना. परतीच्या बसमध्ये बसलो, तेव्हाही ते नाव ओठांवर होते.