मोठ्या मायच्या रडण्यावरचं हसू

माझ्या मोठ्या मायच्या रडण्याला लोक हसतात. ज्याच्या हातात मोबाइल आहे तो हसतो. कुणाची मॅच हरली, कुणाची एसटी चुकली, कुणाच्या मित्रानं वाढदिवसाला दांडी मारली, की मागं तिचा आवाज लावायचा आणि ओठ हलवून रील करायची. मी अंबाजोगाईला मीडिया शिकते. विनोद कसा घडतो, कॅमेरा कुठं ठेवला की माणूस हसतो, हे मला शिकवतात आणि मला ते मनापासून आवडतं. पण गेलं वर्षभर माझ्या डोक्यात जो राग बसलाय, तो कुठल्याही असाइनमेंटमध्ये मावणारा नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. चुलत्यांना आम्ही तात्या म्हणायचो. आमचं गाव तेलगावजवळ, त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, त्यामुळं मी निम्मी तिच्याच हाताखाली वाढले. तिला दोन गोष्टी फार चांगल्या येतात: एक हुरड्याची चटणी आणि दुसरं मयताला रडणं. हे वाचून कुणाला हसू आलं असेल तर त्यानं पुढं वाचावं.

आमच्याकडं बाई मयताला गेली की नुसती रडत नाही, बोलून रडते. जीपमधून उतरली की रस्त्यापासूनच हेल काढायला लागते आणि गेलेल्या माणसाशी बोलत बोलत घरापर्यंत येते. त्यानं काय कष्ट काढले, कुणावर रुसला, त्याला काय खायला आवडायचं, कुणाचं लग्न बघायचं राहिलं, सगळं त्यात येतं. हे कुणी बसून शिकवत नाही. ऐकून ऐकून येतं, आणि एखादीलाच असं येतं की ओट्यावर बसलेले दगडासारखे पुरुषसुद्धा उपरण्यानं डोळे टिपतात. मोठी माय आली की बाया सरकून तिला मयताच्या उशाशी जागा करून द्यायच्या.

तात्या करोनाच्या लाटेत गेले. दवाखान्यातून परस्परच नेलं, तेव्हा सगळ्यांचंच तसं चाललं होतं. मयत दारात आलं नाही, बाया जमल्या नाहीत, आणि गावाच्या मयतांना रडलेली मोठी माय स्वतःच्या नवऱ्याच्या वेळी भिंतीकडं तोंड करून बसून राहिली. माझ्या मायनं तिला सांगितलं, रड, मोकळी हो. ती म्हणाली, "कुनाकडं बघून रडू? समोर कुनी हाय का?" त्यानंतर ती कुणाच्याच मयताला बोलून रडली नाही. जायची, बसायची आणि परत यायची.

आणि मग मला होस्टेलवर तिचा आवाज ऐकू आला. मेसमध्ये ताट घेऊन बसले होते. शेजारच्या मुलीच्या मोबाइलवर काहीतरी चालू होतं. शब्द कळायच्या आधी हेल कळला आणि माझा हात घासावरच थांबला. मोबाइल ओढून घेतला. पांढऱ्या कपड्यावर एक तरणाबांड पोरगा झेंडूचा हार घालून मेल्यासारखा पडलेला. उशाशी मोठी माय. "अवो, चहात साखर कमी पडली की घर डोक्यावर घेत व्हता, आता कुनावर रुसाल वो? आन मी यायच्या आधीच नेलं तुमाला, तुमचं तोंडबी दावलं न्हाई वो मला कुनी." इथं मागून खोटं हसणं सोडलेलं. पोरगा एक डोळा उघडून तिच्याकडं बघतो, परत मिटतो, आणि त्याला शिंक येते.

"काय ॲक्टिंग करते गं ही काकू," शेजारची म्हणाली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तात्या चहासाठी कसे रुसायचे हे मला ठाऊक होतं. ती ॲक्टिंग नव्हती.

शनिवारी गाव गाठलं. झालं होतं ते असं. आमच्याच भागातल्या काही पोरांचं कॉमेडीचं चॅनल आहे. सासरवाडीच्या लग्नाला जायला नको म्हणून एक आळशी जावई मेल्याचं सोंग घेतो, अशी त्यांची गोष्ट. मयताचा सीन म्हटल्यावर रडणाऱ्या बाया पाहिजेत. त्यांच्या टीममधल्या पोरींना 'आई गं' आणि 'अरे देवा' यापलीकडं काही येईना. मग कुणीतरी सांगितलं, वस्तीवर एक काकू आहे, लई भारी रडते. पोरं जीप घेऊन दारात आली, काकू काकू करत.

मोठी माय गेली कारण पोरं गोड बोलली. पण तिथं जाऊन तिनं अट घातली. जावई झालेला पोरगा शेजारच्या गावातल्या बागायतदाराचा, त्याची आई तिच्या ओळखीची. तिनं सरळ सांगितलं, "जित्या लेकराला बघून मी रडनार न्हाई. जित्याला रडलं की त्याचं आयुष्य घटतं. उद्या ह्याच्या मायला काय तोंड दावू?" पोरं हसली. काकू, पिक्चर हाय, खरं थोडंच हाय, म्हणाली. ती म्हणाली, "पिक्चर खोटा, पन पोरगं तर खरंच हाय न्हवं?"

मग तिनंच तोड काढली. म्हणाली, माझं मानूस आधीच गेलंय, त्याला रडलं तर कुनाचं काय घटत न्हाई. मी त्यालाच रडते, तुमी तुमचं काम करा. पोरांना सीन पाहिजे होता, त्यांनी मान हलवली. त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही की काकू, तुमचं माणूस कधी गेलं, कसं गेलं. पांढऱ्या कपड्यावर कुणीतरी पडलेलं तिनं पाहिलं, आणि इतकी वर्षं अडकून पडलेलं सगळं बाहेर आलं. त्या पोराच्या आयुष्याला धक्का लागू नये म्हणून एका बाईनं कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या नवऱ्याचं मयत केलं, आणि त्यांनी त्यावर हसण्याचा आवाज चढवला.

पप्पा शाळेत शिक्षक आहेत, सहसा चढ्या आवाजात बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "मयताचे सांगावे गावोगाव पोचवायचं काम आपल्याच मानसांचं असायचं. आमच्या बापानं धम्म घेतला आन ते काम टाकलं, तवा गाव अंगावर आलतं. आता खोट्या मयताला रडायलाबी ह्यांना आपल्याच वस्तीतली बाई पायजे?" मोठ्या मायनं त्यांचं ऐकून घेतलं आणि चुलीपाशी निघून गेली. मी मागं गेले. ती म्हणाली, "तुझ्या पप्पाचं खरं हाय. पन मला लई हलकं वाटलं गं पोरी. इतक्या दिसांनी झोप लागली." तिच्याकडं साधा फोन. पोरांनी तिला काहीच दाखवलं नव्हतं. तिला वाटत होतं, ज्यांनी पाहिलं असेल ते तिच्याबरोबर रडले असतील. घरात सगळ्यांनी ठरवलं, तिला कळू द्यायचं नाही.

पुढच्याच आठवड्यात वर्गात विनोदाचा तास होता. सरांनी प्रोजेक्टर लावला आणि म्हणाले, आपल्या मातीतलं ताजं उदाहरण बघू. मला पडद्यावर मोठ्या मायचं तोंड दिसलं, भिंतीएवढं. सर समजावून सांगत होते: बघा, विसंगती कशी काम करते; तोंड तिच्या पुढ्यात उघडं आहे आणि बाई म्हणते, तोंड दाखवलं नाही. वर्ग हसला. सरांनी ते परत लावलं. वर्ग परत हसला.

मी उभी राहिले. ही माझी मोठी माय आहे म्हणून सांगितलं. तात्यांचं सांगितलं, तोंड खरंच कुणी दाखवलं नव्हतं म्हणून सांगितलं. माझा आवाज फाटला, पण मी पुरं बोलले. सरांचा चेहरा उतरला, त्यांनी माफी मागितली, माणूस वाईट नाही. पण थोड्या वेळानं चष्मा पुसत म्हणाले, "तरी विनोद म्हणून तो चालतोच ना. प्रेक्षकाला मागचं माहीत नसतं." आणि तास संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रोजेक्ट यावरच कर. विषय उत्तम आहे." माझ्या चुलत्याचं मरण आधी विनोद झालं होतं, आता विषय झालं.

प्रेक्षकाला माहीत नसतं, हे मला मान्यच नाही. प्रेक्षकाला विचारायची गरज वाटत नाही, हे खरं. मी लहानपणापासून पिक्चर आणि कॉमेडी शो बघत आले. त्यात आमच्यासारखं बोलणारा माणूस कोण असतो? वॉचमन, गडी, बेवडा, नाहीतर शहरात येऊन लिफ्टला घाबरणारा पाहुणा. त्यानं 'न्हाई' म्हटलं की हशा. काय म्हटलं ते गेलं चुलीत. साडी नेसलेला पुरुष छाती बडवून बोलून रडतो, की खुर्चीवरचे पाहुणे टाळ्या देतात. इतकी वर्षं हे बघून आमच्याच पोरांना वाटायला लागलं की आपण बोललो की तो विनोदच होतो. म्हणून तर मोठ्या मायच्या दुःखात त्यांना डायलॉग दिसला. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण ही आमच्याच गुऱ्हाळावर वाढलेली पोरं आहेत.

मला विनोद कळत नाही असं कुणी म्हणू नये. आमचे तात्या वस्तीतले एक नंबरचे मस्करे. मयतावरून परत येताना तेच लोकांना हसवायचे, गेलेल्या माणसाच्याच गमती सांगून. पण त्याचं घर मागं पडल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. कुणीतरी घाई केली तर म्हणायचे, "थांब बे, अजून त्याची माय ऐकतीय." एवढीच अक्कल लागते. ती शिकवणारा पेपर आमच्या अभ्यासक्रमात नाही.

चॅनलवाल्या पोराला मी तेलगावच्या फाट्यावर गाठलं. चहाच्या हॉटेलात बसला होता, मला बघून उठला, खुर्ची दिली. मी जे सांगायचं ते सांगितलं. त्याचा कप तसाच राहिला. "ताई, शप्पथ सांगतो, आमाला वाटलं काकूनं जागेवर डायलॉग जुळवला. आमी तर म्हनलं, काय टॅलेंट हाय." मी म्हटलं, तिनं तुम्हाला आधी सांगितलं होतं की ती तिच्या माणसाला रडणार आहे. तो खाली बघून म्हणाला, "सांगितलं व्हतं. आमी लाइट बघत व्हतो."

त्यानं माझ्यासमोर व्हिडिओ चॅनलवरून काढून टाकला. मग म्हणाला, पण ताई, आवाज आता लोकांकडं गेला, तो कुठून कुठून काढणार? हे खरंच होतं आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. निघताना तो हळूच म्हणाला, "दुसऱ्या भागात काकूला चांगला रोल देऊ. सगळे विचारतेत, ती काकू कुठंय." तोंडात आलेलं लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी मोठ्या मायची आई गेली. मांजरसुंब्याच्या पुढं तिचं माहेर. पप्पा शाळेतून परस्पर यायचे होते, म्हणून मी, माझी माय आणि ती, तिघी जीपनं निघालो. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. मला माहीत होतं, ती साठवत होती. तिला ओरडून रडायचं होतं, आणि या वेळी समोर माणूस असणार होतं, तोंड दिसणार होतं. ती एवढंच म्हणाली, "आज तरी बगायला मिळंल."

गावाच्या रस्त्याला उतरलो. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि पहिला हेल काढला, "अगं माझे माय..." रस्त्याकडेच्या टपरीवर काही पोरं बसली होती. एकजण वळला. "आरं, ही तर तोंडबीवाली काकू हाय." दुसऱ्यानं मोबाइल काढला आणि खातरी करायला तो आवाज लावला. मयताच्या गावात, भर रस्त्यात, मोठ्या मायला मोठ्या मायचंच रडणं ऐकू आलं. मागोमाग ते खोटं हसणं आलं, आणि त्याच्यावर पोरांचं खरं.

ती थांबली. हेल तोंडातच राहिला. माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्यो तर माझा आवाज." मी मान खाली घातली. "तवा लोकं हसत व्हते का गं?" इतके दिवस लपवलेलं आता लपवून काय करणार होते? मी म्हटलं, "हो." मी टपरीकडं धावले, त्या पोराला नको नको ते बोलले, त्यानं मोबाइल खिशात घातला. वळून बघितलं तर मोठी माय चालायला लागली होती, आवाज न करता.

घरात बायांनी सरकून उशाशी जागा दिली. ती बसली. आईच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळावरचे केस मागं सारले. बाया वाट बघत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "बोल गं बाई, तुझी माय हाय, बोल." तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि मान हलवली. त्रिशरण झालं, मयत उचललं, तरी ती बोलली नाही.

परत निघालो तेव्हा अंगणात तिच्याच भावकीतली एक बाई दुसरीला म्हणत होती, आम्हाला ऐकू येईल अशीच, "सख्खी माय मेली आन लेकीच्या तोंडून शबुद न्हाई. परक्याला बरं रडता येतंय." मी तिच्याकडं वळले. सगळं सांगून टाकायचं, तात्यांपासून सगळं, असं ठरवूनच वळले होते. मोठ्या मायनं माझं मनगट घट्ट धरलं.

"नगं बोलू," ती म्हणाली. "सांगितलं तर तीबी हसंल."