नसलेल्या माणसांचं गाव

पेणच्या आसपासच्या गावांत घरोघर जाऊन आरोग्याची पाहणी करायची, हे माझं काम. मी राहते अष्टमीला. सकाळी पूल ओलांडून रोह्याला गाडी पकडायची आणि पेणला उतरायचं. तिथे आमच्या लहानशा संस्थेचं ऑफिस आहे. आकडेवारी सांभाळतात त्या ताई. ऑफिसात सगळेच त्यांना ताई म्हणतात. रोह्याकडच्या भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातल्या. शहरात संख्याशास्त्र शिकल्या, नोकरी केली आणि आपणहून परत आल्या.

एका वर्षी धरमतर खाडीजवळच्या एका वाडीत मला एक मावशी भेटल्या. ओट्यावर बसून जवळा निवडत होत्या. नवरा वारलेला, मासळी विकून घर चालवायच्या. मधे टीबी झाला होता, आता पूर्ण बऱ्या होत्या. पण औषध आणताना काय हाल झाले ते त्यांनी सांगितलं. दवाखाना उघडणार सकाळी, आणि सकाळीच तर बाजारात बसायचं. मासळी टाकून जायचं कसं? बोलताना त्यांचा हात चालूच होता. मी उठले तसा तो थांबला.

"ह्या माझ्या गोष्टी बाहेर जायला नको हां. पोरीचं लगीन जमतंय."

"मावशी, तुमचं नाव कुठेच येणार नाही."

"नाव कशाला पायजे गो? या वाडीतली, नवरा नाय, मासली विकते, टीबी झालेला. अशी दुसरी कोण हाय? नाव नाय लिवलंस तरी सगली वलकतील."

ऑफिसात येऊन ताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मला याचीच भीती होती."

दवाखान्यांच्या वेळा कशा असाव्यात याचा अभ्यास करणाऱ्या शहरातल्या संशोधकांनी आमची माहिती मागितली होती. नावं गाळून फाईल पाठवायची, असं आमचं ठरलंही होतं. ताईंनी ती अडवली. आमचे साहेब वैतागले.

"अहो ताई, मग त्यांनी अभ्यास करायचा कशावर?"

"मी त्यांना माणसं देते," ताई म्हणाल्या. "नसलेली."

साहेबांइतकीच मीही गोंधळले. मग ताईंनी समजावलं. खऱ्या माहितीत वय, काम, आजार, दवाखान्याचं अंतर या गोष्टी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत, ते संगणकाला शिकवायचं. त्यावरून त्याने नवी माणसं रचायची. गावं तशीच, अडचणी तशाच, पण त्यातलं एकही माणूस जन्माला आलेलं नाही. याला कृत्रिम लोकसंख्या म्हणतात.

पहिल्या खेपेला संगणकाने एका म्हाताऱ्या आजीला कंपनीत शिफ्टला पाठवलं. आम्ही पोट धरून हसलो. गल्फला गेलेले नवरेही त्याने सगळे घरी आणून बसवले होते. ताईही हसल्या, पण लगेच कामाला लागल्या. कितीतरी आठवडे त्या चुका शोधत होत्या. रचलेलं एखादं माणूस खऱ्या कुणाशी फारच जुळलं, की ते काढून टाकत. कुणी घाई केली तर म्हणत, "त्या मावशींना मी काय सांगू?" एवढ्या चिकाटीने, एवढ्या मायेने कुणी आकड्यांशी वागताना मी पाहिलं नव्हतं.

शेवटी फाईल गेली. वर ताईंनी लिहिलं होतं, की ही माणसं खरी नाहीत. यांच्यावरून अंदाज बांधा, पण निर्णय घेण्याआधी खऱ्या माणसांना विचारा. संशोधकांचा अंदाज आला: खाडीकडच्या गावांना दवाखाना संध्याकाळी हवा.

मग आम्ही दोघी वाडीवर विचारायला गेलो. मावशींनी चहा टाकला. ताईंनी लॅपटॉप उघडून ते रचलेलं गाव दाखवलं. मावशी जवळ सरकून बघू लागल्या.

"यात मी कुठं हाय?"

"तुम्ही कुठेच नाही, मावशी. पण तुमची अडचण आहे."

मावशींनी ताईंकडे नीट पाहिलं. "मग बरं केलंस, गो," म्हणाल्या. संध्याकाळचं त्यांना पटलं, पण आठवडी बाजाराच्या दिवशी उशीर होतो, तेव्हा तो वार सोडा, असंही सांगितलं. हे संगणकाला कळलं नव्हतं. ताईंनी ते संशोधकांना कळवलं.

पुढे त्यांच्या अहवालावरून आरोग्य खात्याने तिथल्या उपकेंद्रात संध्याकाळचा दवाखाना सुरू केला, तोही बाजाराचा वार सोडून. पहिल्या दिवशी आम्ही बघायला गेलो. बायका मासळीच्या रिकाम्या पाट्या बाहेर ठेवून आत येत होत्या. ताई भिंतीशी गुपचूप उभ्या होत्या. त्यांना पेशंट समजून नर्सबाईंनी विचारलं, "तुम्हाला काय होतंय?"

"मला? काही नाही," ताई गडबडून म्हणाल्या आणि मागे आलेल्या बाईंना पुढे जायला वाट करून दिली.