आपा गप्प राहिल्या

आपा माणसाचा हात हुंगायच्या. बुलढाण्याच्या त्या खाजगी दवाखान्यात आयसीयूच्या दाराशी त्या उभ्या असत आणि आत जाणाऱ्याने आधी दोन्ही हात त्यांच्या नाकाखाली धरायचे. साबणाचा वास आला तर आत, नाहीतर परत नळावर. माझ्यासारख्या पन्नाशीच्या, पोट पुढे करून चालणाऱ्या माणसालाही सूट नव्हती. "भाऊ, साबन नुसता पाहून आले का तुमी?" त्या विचारायच्या. मी खरोखरच पाहून आलेलो असायचो.

तिथल्या मुख्य सिस्टर त्या. डॉक्टरांपासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणत. आतड्याच्या ऑपरेशननंतर माझे मामा तिथे होते. वडील लवकर गेल्यावर मला वाढवलं ते याच मामांनी.

आमच्याकडे माणूस दवाखान्यात पडला आणि तुम्ही भेटायला गेला नाहीत, तर ते जन्मभर ऐकावं लागतं. मेहकरहून रोज बसने पाहुणे यायचे आणि आपा त्यांना एकेक करूनच सोडायच्या. एक चुलते चिडले. "आमच्या हातानं काय मरते का तो?"

"जंतू काही वाघ नाही, दादा," आपा म्हणाल्या. "आपल्याच आंगावर, ओल्या फडक्यात, नळात राह्यते. धडधाकट माणसाले काही करत नाही. माणूस पडला, आंगात नळ्या घातल्या, की मंग त्याले रस्ता भेटते."

"म्हणजे आमच्या भावकीसारखाच," मी म्हणालो. आपा मास्कच्या आत हसल्या. चुलते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मामांच्या मानेत सलाईनची नळी होती, थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाणारी. तिच्यावरची पारदर्शक पट्टी आपा स्वतः बदलत. तेवढा वेळ त्या एक शब्द बोलत नसत. मग पट्टीवर तारीख लिहीत आणि मला बजावत, "हे दार हाय, भाऊ. याले हात लावायचा नाही."

मामीने देवळातलं तीर्थ खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून पाठवलं होतं. "जिथं तरास होते तिथं लाव," असा निरोप. मामा म्हणत होते, "मान लय खाजवते बे." आपा पलीकडच्या खाटेशी गुंतल्या होत्या. मामांचा डोळा लागल्यावर मी पट्टीचा कोपरा उचलला, दोन बोटं तीर्थ लावलं, पट्टी पुन्हा दाबून बसवली आणि बाटली उशीखाली सरकवली. भाचा म्हणून आपण आज काहीतरी केलं, असं वाटून मी बाहेर जाऊन चहा प्यालो.

तिसऱ्या दिवशी मामांना खाट हलेल इतकी थंडी वाजली. आपांनी लगेच रक्त काढून तपासणीला पाठवलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. रक्तात जंतू निघाला. "ओलीत वाढणारा आहे," डॉक्टर म्हणाले. "मानेच्या नळीतून गेला असावा. पट्टीला कोणी हात लावला होता का?" सगळे आपांकडे पाहू लागले. मीही पाहू लागलो.

चादर बदलताना आपांना ती बाटली सापडली. आत तुळशीचं पान होतं. मला कोपऱ्यात बोलावून त्यांनी ती कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "डॉक्टरले तुमी सांगा, भाऊ. देवाचं पानी हाय. माह्या तोंडून निघालं तर त्याचं भलतंच काही होईन."

मी हो म्हणालो. त्याच दुपारी चुलत्यांनी मला तक्रार लिहायला बसवलं. घरातल्या लग्नपत्रिका, श्रद्धांजल्या मीच लिहितो. माझी भाषा भारदस्त आहे असा घरात समज आहे. 'सदर परिचारिकेच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे' हे शब्द माझे. लिहिताना वेलांटीसुद्धा चुकली नाही.

नळी काढली, औषधं बदलली, मामा वाचले. वेळेवर रक्त तपासलं म्हणून वाचले, असं डॉक्टरच म्हणाले. तोवर आपांना खाली केसपेपरच्या खिडकीवर बसवलं होतं.

घरी निघायच्या दिवशी मी त्या खिडकीशी गेलो. "आपा, मी वर जाऊन सांगतो सगळं."

"मामा जेवले का?"

"अर्धी भाकर खाल्ली."

"मंग झालं." त्या केसपेपरवर शिक्का मारत होत्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "माही पोरगी विचारते, अम्मी, तू खरंच चुकली का? तिले काय सांगू, तेवढं सांगा मले."

मागचा माणूस म्हणाला, "सरका ना, भाऊ." मी सरकलो. वर गेलो नाही. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा खिडकीत दुसरंच कोणी होतं.

मामा आता ठणठणीत आहेत. आल्यागेल्याला दवाखान्याची हकीकत सांगतात. "बाई मायाळू होती, पण माह्या बाबतीत चुकली," म्हणतात आणि दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहतात. मी ताटातलं वरण कालवत राहतो. मी लिहिलेलं सगळं आधी मामांना वाचून दाखवायचं, अशी आमच्या घरची रीत आहे. हेही दाखवीन, उद्या. चार दिवस झाले, रोज उद्याच म्हणतो आहे.