गाडीला पाजलेली दुवा

आईच्या ऑपरेशनच्या दिवशी तिचं दुवा केलेलं पाणी मी गाडीला पाजलं.

मी नेरच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि देव मानत नाही. (कुणी न विचारताही हे सांगायची मला सवय होती.) आईच्या पित्ताशयात खडे झाले, यवतमाळला ऑपरेशन ठरलं, तेव्हा ती पार खचली. तिची मोठी बहीण अशाच ऑपरेशनातून परत आली नव्हती. निघायच्या वेळी शेजारचे सलीमचाचा आले. चाचा मेकॅनिक, माझ्या गेलेल्या वडिलांचे जिवलग. हातात पाण्याची बाटली.

"भाभी, दुवा पढून आणलं. सोबत ठेवा."

आईनं बाटली कपाळाला लावली, देवघरात नेली आणि त्यातच देवीच्या देवळातलं तीर्थ ओतलं. ("जागा होती त्यात!")

मला गप्प बसवेना. "चाचा, या पाण्यात नेमकं काय बदललं?"

"पाण्यात काही नाही बदललं, बेटा. तुह्या गाडीचा रेडिएटर मात्र गळून राह्यला. दोनदा सांगतलं तुले."

(डोळ्यांनी गळताना दिसला नाही, म्हणून त्यावरही मी विश्वास ठेवला नव्हता!)

अर्ध्या वाटेत बॉनेटमधून वाफ! आईला लिंबाच्या सावलीत बसवलं. एप्रिलचं ऊन, आसपास घर नाही, हापशी नाही, गाडीत ती एकच बाटली. इंजिन निवल्यावर मी ती सगळी रेडिएटरमध्ये ओतली. पाणी ते पाणी, असं स्वतःला बजावलं. मग आईकडे पाठ करून का ओतलं, हे मात्र स्वतःला विचारलं नाही.

दवाखान्यात तिला आत न्यायच्या आधी तिनं माझा हात धरला.

"सुधाकर, ते पाणी आण बाप्पा. पेत नाही मी, डोळ्याले लावू दे फक्त."

पोरांना रोज खरं बोलायला शिकवणारा मी व्हरांड्यातल्या वॉटर कुलरकडे धावलो, बाटली भरली आणि तिच्यापुढे धरली. तिनं बोटं ओली केली, दोन्ही डोळ्यांना लावली. "सलीमभाऊले सांगजो, पाणी लावलं म्हणून," म्हणाली आणि आत गेली.

थोड्या वेळानं चाचा बसनं येऊन पोचले. त्यांच्यापुढे मला राहवेना.

"चाचा, तुमचं पाणी मी रेडिएटरमध्ये टाकलं."

मला वाटलं, आता ते उठून जातील.

"गाडी पोचली ना इथपर्यंत?"

"पोचली."

"मंग झालं."

त्यांनी कोपऱ्यात रुमाल अंथरला आणि डोळे मिटून बसले. यानं काय बदलणार, हे त्या दिवशी मी विचारलं नाही. मला प्रार्थना येत नाही. पण ते उठेपर्यंत मीही त्यांच्या शेजारून हललो नाही.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी आईपुढे सगळं कबूल केलं.

"माहीत होतं मले," ती म्हणाली. "उनात तापलेल्या गाडीतलं पाणी येवढं थंडगार रायते काय?"

"मग डोळ्याले लावलं काहून?"

"तू माह्यासाठी धावत गेलता, पोरा."

देव मी आजही मानत नाही, आणि आईची त्याला हरकत नाही. भेटायला आलेल्या प्रत्येकाला ती एवढंच सांगते, "देव नाही मानत तं नाही! पण खोटं तरी धड बोलाले शिक म्हणा त्याले!"